भुंग्याचा मुहूर्त

केसरबाईंच्या घरातलं कुठलंही लग्न असो, अंतरपाटाजवळ लाकडी पाटावर घरचं घड्याळ ठेवलं जायचं आणि त्याच्याच काट्यावर अंतरपाट दूर व्हायचा. घड्याळ त्यांच्या नवऱ्याचं, अर्जुनरावांचं. चिंचवडच्या कारखान्यातला परदेशी साहेब मायदेशी जाताना त्यांच्या मनगटावर बांधून गेलेला. ते टिकटिक करत नसे, गुणगुणायचं. म्हणून त्याचं नाव भुंगा.

नातवाचं, रणजीतचं लग्न ठरलं तेव्हा भुंगा कैक वर्षं मुका होता; त्याचा जुना सेलच बाजारात मिळेनासा झाला होता. धाकटी जाऊ विमलबाई म्हणाली, "आक्का, आता पाटावर मोबाईल ठिवा की."

"व्हय, आन् मंगलाष्टकात लोनवाल्याचा फोन आला म्हंजी? भुंगा हाय तवर माझ्या घरचं लग्न मोबाईलवर लागायचं न्हाई!"

लग्नादिवशी दुपारी त्या स्वतः काळेवाडीला घड्याळवाल्याकडं गेल्या आणि नव्या जातीचा सेल बसवून आल्या. भुंगा कधी नव्हे एवढा मोठ्यानं गुणगुणू लागला. केसरबाईंची छाती फुगली.

मग त्यांनी भुंग्याकडं बघून सगळ्यांना हाकायला सुरुवात केली. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात होता, पण आक्कांना चुकीचं म्हणायची छाती एकाचीही नव्हती. वऱ्हाड ताथवड्याच्या कार्यालयात पोचलं तेव्हा तिथं झाडू चालला होता, आचारी बटाटे सोलत होता आणि नवरीच्या आईच्या डोक्याला अजून मेंदी थापलेली होती.

विमलबाई पदरात तोंड खुपसून हसली. रणजीतनं घड्याळ कानाला लावलं. चाकणच्या कंपनीत इंजिनियर पोरगा, त्याच्या लगेच ध्यानात आलं.

"आजी, यात दोन टोकांचा चिमटा आहे. सेलच्या जोरावर तो थरथरतो, आणि त्याला जोडलेलं केसाएवढं बोट चाकाला एकेक दात पुढं ढकलतं. जुने सेल मवाळ होते. हा नवा तिखट आहे. चिमटा जास्त झोकात हलतो, अन् बोट एका दमात दोन दात ढकलतं."

"म्हंजी दुप्पट पळतोय?"

"बरोब्बर दुप्पट."

"मग मोबाईलच काढते," म्हणत विमलबाईनं पिशवी उघडली.

केसरबाईंचा चेहरा उतरला. त्या कोपऱ्यात खुर्ची ओढून बसल्या, चहालाही नाही म्हणाल्या. गोरज मुहूर्ताला तासभर उरला तशा ताडकन उठल्या.

"रणजीत, ह्याचं काटं मुहूर्ताच्या दोन तास मागं लाव."

"दोन तास? का गं?"

"माझी थोरली सून एका भाकरीच्या वक्तात दोन थापती. मी काय तिला हाकलून देते व्हय? तिला दुप्पट पीठ देते. दोघी सुना एकदमच उठत्यात. ह्यालाबी दुप्पट वाट दे. पोचंल बरोबर."

रणजीतनं मनात हिशेब मांडला, तासाभरात भुंगा बरोबर दोन तास चालणार, आणि काटे फिरवले. शेजारी बसलेले अर्जुनराव मिशीत हसले. संसारभर त्यांनाही दुप्पटच पीठ मिळत आलं होतं.

अंतरपाट धरला गेला. पाटावर भुंगा घुमत होता, आणि बाजूला विमलबाई मोबाईल हातात धरून खोट काढायला टपलेली. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि मोबाईल खणाणला, गडबडीत उचललाही गेला. कुणी बाई गोड आवाजात तिला घरावर कर्ज देत होती. विमलबाई फोन बंद करायला धडपडली, आणि तेवढ्यात भुंग्याचा काटा मुहूर्तावर आला. रणजीतच्या मित्रांनी गुपचूप आपापले मोबाईल पाहिले. मिनिटाचाही फरक नव्हता.

"सावधान!" गुरुजी ओरडले. अक्षता पडल्या.

नव्या सुनेसोबत पाया पडताना रणजीत म्हणाला, "आजी, उद्या मवाळ सेल शोधून आणतो."

"ऱ्हाऊ दे तसाच," केसरबाईंनी घड्याळ पदराच्या गाठीला बांधलं. "मला पणतू लौकर बघायचाय."