आठवी बरगडी

शिवणकाम करणाऱ्या बाईंना ऑपरेशनच्या दिवशी सकाळी इंजेक्शन देताना इस्पितळातल्या तंत्रज्ञ धाकटीने सगळं समजावून सांगितलं होतं. "हे किरणं सोडणारं औषध हाडात जाऊन बसतं, आणि जिथे दुखणं आहे तिथे जरा जास्तच. ऑपरेशनच्या वेळी मी ही पेनासारखी नळी फिरवते. जिथे ती जास्त वाजेल, यंत्रावरचा आकडा चढेल, तिथलं हाड सर काढतात."

बाई हसल्या. "म्हणजे माझी बरगडी स्वतःच चुगली करणार."

सर म्हणजे धाकटीचे भावजी, तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकरा वर्षं दोघं एकाच इस्पितळात होती. तिथे ती त्यांना सर म्हणायची, घरी भावजी.

आदल्या दिवशी स्कॅन झालं तेव्हा बाई उताण्या झोपल्या होत्या आणि दुखऱ्या बरगडीवरच्या कातडीवर शाईची खूण केली होती. ऑपरेशनसाठी त्यांना कुशीवर वळवलं तशी कातडी सरकली आणि खूण सातव्या बरगडीवर आली. धाकटीने नळी टेकवली. खुणेखाली ती कुरकुरली, एक बरगडी खाली मात्र कानठळ्या बसाव्यात तशी वाजली.

"सर, आठवी आहे."

"खूण सातवीवर आहे," भावजी म्हणाले. पुढचा पेशंट बाहेर ताटकळत होता. त्यांनी सातवीचा तुकडा काढला. धाकटीने त्याला नळी लावली, तर तो गप्प. बाईंच्या छातीत आवाज तसाच चालू होता.

"सर, अजून आतच आहे."

"आजूबाजूचं हाडही थोडं वाजतंच. टाके घाला."

महिनाभराने बाई परत आल्या, छाती धरून. नव्या स्कॅनमध्ये आठवी बरगडी दिव्यासारखी उजळलेली होती.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. मुलांच्या परीक्षा, आईचे गुडघे, सगळं बोलून झालं. मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, "तुम्ही त्या नळीचे आकडे लिहून ठेवता का गं दर वेळी?"

"ठेवतो. त्या दिवशी घाईत राहून गेलं," धाकटी म्हणाली. तिला वाटलं, ताईला आपली काळजी वाटते आहे.

दोन दिवसांनी अधीक्षकांनी तिला बोलावून एक कागद पुढे सरकवला. 'तंत्रज्ञाने दाखवलेल्या जागेनुसारच हाड काढण्यात आले. त्या दिवशीच्या आकड्यांची नोंद तंत्रज्ञाने ठेवलेली नाही.' खाली भावजींची सही होती.

आकडे लिहायचे राहिले, हे तिने एकट्या ताईला सांगितलं होतं. भावजींचं एक वेळ समजलं असतं, मोठ्या माणसाला स्वतःची चूक गिळवत नाही. पण आईचे गुडघे मध्ये घालून ताईने तिच्याकडून हे काढून घेतलं होतं.

"नोंद नाही, हे खरं आहे," ती अधीक्षकांना म्हणाली. "पण आठवी म्हणून मी दोनदा सांगितलं. त्या दिवशीच्या नर्सबाईंना विचारा."

नर्सबाईंच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. त्यांना गप्प बसता आलं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "दोनदा सांगितलं. मी हातात कात्री घेऊन तिथेच उभी होते."

चौकशीत भावजींना लेखी समज मिळाली. नोंद न ठेवल्याबद्दल धाकटीलाही मिळाली. दुसरं ऑपरेशन दुसऱ्या सर्जनांनी केलं. या वेळी काढलेला तुकडा ट्रेमध्येही वाजत राहिला आणि छाती शांत झाली. धाकटीने प्रत्येक आकडा लिहिला.

बाई शुद्धीवर आल्यावर तिने त्यांना सगळं खरं सांगून टाकलं. "तेव्हा हात धरायचा होतास गं त्यांचा," बाई एवढंच म्हणाल्या.

रविवारी ताई दारात येऊन उभी राहिली. "त्यांची नोकरी गेली असती. तुझं काय, तुला फार तर बोलणी बसली असती. मी तरी काय करणार होते?"

"दोष अंगावर घेशील का, हे मला विचारायचंस."

"तू हो म्हणाली असतीस?"

धाकटीने खरोखरच विचार करून पाहिला. "तेव्हा बहुतेक म्हणाले असते," ती म्हणाली.

ताई रडायला लागली. धाकटीने तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि ताई जाईपर्यंत ओट्यापाशी भाजी चिरत राहिली.