ज्याला हाक पोचली, तो हजर

मित्रांनो, या, असे जवळ सरकून बसा. कथेला बसतात तसे, मांडीला मांडी लावून. देवाचे नाव घेऊन तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ती माझीच आहे. सांगता सांगता माझा आवाज चढला तर घाबरू नका. तुमच्यावर नाही, दुसऱ्याच कोणावर मी रागावलो आहे.

मी एक जुना माईक आहे. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे आणि वायरीला जागोजागी काळी पट्टी गुंडाळली आहे. मैसूरच्या सदाशिवराव कीर्तनकारांनी मला विकत घेतले, त्याला पुष्कळ वर्षे झाली. दसऱ्यात आयुधपूजेला ते मला झांजांच्या शेजारी मांडत, गंध लावत, शेवंतीचे फूल वाहत. "हा माझ्या गळ्याचा धाकटा भाऊ," असे म्हणत. इतका मान फार थोड्या यंत्रांना मिळतो.

कीर्तनात बुवांच्या मागे त्यांची मुलगी कमलाक्षी ध्रुवपद धरायची. तिने ते उचलले की मला काही कामच उरत नसे. शेवटच्या खांबाला टेकून डुलक्या घेणारे आजोबासुद्धा सावरून बसायचे. बुवांचे आवडते आख्यान हत्तीचे. मगरीने पाय धरला, हत्तीने सोंड वर करून हाक मारली आणि देव अनवाणी धावत आला. बुवा तिथे थांबायचे आणि म्हणायचे, "हाक मोठी लागत नाही हो. ऐकणारा जवळ लागतो."

कमलाक्षी मैसूरबाहेर, येलवाल गावाच्या पुढे एका सरकारी प्राथमिक शाळेत शिकवायची. तिच्याबरोबरचे दोन शिक्षक सर्वेक्षणाच्या कामाला नेले, ते परत आलेच नाहीत. मग तीन इयत्तांची मुले एका खोलीत कोंबली. नव्वद मुले आणि एक मिस. एका इयत्तेचे पाढे चालले की दुसरीचे अक्षर बुडायचे. कमलाक्षी ओरडून ओरडून शिकवायची. पावसाळा संपेपर्यंत तिचा गळा बसला. डॉक्टर म्हणाले, गळ्यात गाठी आल्या आहेत, आता आवाज जपा, नाहीतर जाईल.

"कमला, रजा घे. थोडे दिवस सुम्ने, नुसती घरी बस," बुवा म्हणाले.

"मी बसले तर त्यांना कोण आहे, अप्पा?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

तेव्हा बुवांनी मला पिशवीत घातले आणि तिच्या हातात दिले.

मित्रांनो, शाळेत मी पहिल्यांदा हजेरी ऐकली. हजेरी पहिल्या तासातच मोबाईलवरून वर पाठवायची असे. ज्याने ओ दिली तो हजर. पण मागच्या भिंतीपाशी बसलेल्यांना त्या गोंगाटात स्वतःचे नाव ऐकूच येत नसे. ती पोरे वर्गात बसून गैरहजर व्हायची. एकेकाला शोधत बसावे, तर शिकवायचे कधी? मी आलो आणि मागूनही ओ येऊ लागली. तिथे इरा नावाची एक चिमुरडी बसायची. पहिल्या दिवशी स्वतःचे नाव ऐकून ती इतकी चपापली, की ओ द्यायलाच विसरली. मग शेजारणीने तिला कोपराने ढोसले.

पण महिनाभरात एक साहेब तपासणीला आले. "शाळेत माईक? इथे काय जाहीर सभा आहे?" असे म्हणून त्यांनी मला कपाटात टाकायला लावले. एवढी मुले का, हे मात्र त्यांनी विचारले नाही. कपाटात धुळीने माझी जाळी बुजली. बाहेर कमलाक्षीचा आवाज रोज थोडा फाटत होता. मी हाताशी असून काहीच करू शकत नव्हतो.

त्या भागाच्या आमदार नागरत्नाक्का विरोधी पक्षाच्या होत्या. त्यांनी विधानसभेत विचारले, "एका शिक्षिकेकडे नव्वद मुलं कशी?" सरकारने उत्तर दिले, "रोजची हजेरी पन्नासच्या वर जात नाही. जादा शिक्षक कशाला?" अक्का तडक शाळेत आल्या. नेमके त्याच दिवशी बुवा मला परत मागायला आले होते, पण साहेबांच्या हुकुमाशिवाय कपाट उघडायचे नव्हते. कपाटातून मी सगळे ऐकले.

"तुमचं राज्य होतं तेव्हाही शिक्षक नव्हतेच, नाही का?" बुवा म्हणाले. "तेव्हा तुम्ही खुर्चीवर होता. खुर्चीला कान नसतात वाटतं."

अक्का म्हणाल्या, "नव्हते शिक्षक. मी गप्प बसले, तेही खरं. पण म्हणून आताही गप्प बसू?"

"नका बसू," बुवा म्हणाले. "फक्त निवडणुकीनंतर आवाज बसू देऊ नका. माझ्या मुलीचा बसलाय तेवढा पुरे."

पुढे शाळेच्या नव्या कमानीच्या उद्घाटनाला मंत्री आले. गंमत बघा, आता माईक हवा होता. मला कपाटातून काढले, पुसले, हार घातलेल्या टेबलावर ठेवले. समारंभ वर्गातच होता, मुलांना तिथे नेहमीसारखे दाटीवाटीने बसवले होते. मंत्री माझ्यात हसत म्हणाले, "आमच्या अक्का रोज भांडतात. कुणासाठी, कळत नाही. रोजची हजेरी बघा, निम्मी मुलं येतच नाहीत."

माझ्या तोंडून हे गेले, मित्रांनो. माझ्याच जाळीतून. शरमेने मला तिथेच जळून जावेसे वाटले.

नागरत्नाक्का उठल्या. त्यांनी मला उचलले आणि माझे बटण बंद केले.

"सर, आज हजेरी तुम्ही घ्या. मिस घेतात तशी, माईकशिवाय."

मंत्री हसले. त्यांनी हजेरीची यादी घेऊन पुढच्या मुलांची नावे घेतली. ओ आली. मग खोलीत कुजबुज वाढली, त्यांनी आवाज चढवला, मान ताणली, घाम पुसला. "इरा," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले. ओ नाही.

"गैरहजर," मंत्री म्हणाले.

अक्कांनी माझे बटण चालू केले आणि मला कमलाक्षीपुढे धरले. तिच्याकडे आवाज उरलाच नव्हता, नुसता श्वास होता. त्या श्वासाने ती म्हणाली, "इरा."

मागच्या भिंतीपाशी एक लहानसा हात वर आला. "ओ, मिस."

मंत्री खाली बसले. बाहेर कमानीच्या फिती फडफडत होत्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर एक शिक्षक आला. दोन नेले होते, आला एक. अक्का दुसऱ्यासाठी अजून भांडत आहेत. बुवा त्यांना भेटतील तिथे टोचतात, हे बरेच आहे. पण कमलाक्षीचा आवाज परत आला नाही. ती आता कीर्तनात झांज धरते. ध्रुवपदाची जागा आली की बुवा क्षणभर थांबतात. मी त्यांच्या तोंडासमोरच असतो. ती शांतता मला कुठवरही पोचवता येत नाही.

मित्रांनो, मला जपा, माझी जाळी पुसा, वायर पिरगाळू नका. पण वर्गात मला नेऊ नका. लेकरांना नावाने हाक मारायला जिथे माईक लागतो, ती शाळा नव्हे, बाजार आहे, आणि तो भरवणाऱ्यांना मोठ्यांनी जाब विचारलाच पाहिजे. तुमच्या बाईंचा आवाज तुमच्यापर्यंत सहज पोचत असेल, तर उद्या हजेरीला ओ देताना मनात एक नाव घ्या. कमलाक्षी मिसची आठवण ठेवा.