परतूरचा समुद्र

चित्रकाराला बसल्या जागी पैसे मिळतात, असं परतूरच्या बाजारात सगळ्यांचं मत आहे. त्यांनी एक दिवस माझ्या ओसरीवर येऊन बसावं. एका बाजूला बाराखडीच्या पुस्तकाची चित्रं वाळत पडलेली, दुसऱ्या बाजूला कोल्ह्याच्या गोष्टी अर्धवट, मधे मांडीवर पाट घेतलेला मी, आणि खाटेच्या पायाला बांधलेला कोंबडा. चित्रासाठी कोंबडा बांधला की तो नेमका आपल्याकडे पाठ करून बसतो. शेजारच्या गोजरबाईची बकरी आणली, तर तिनं ओल्या शाईसकट बदकाचं अख्खं कुटुंब खाल्लं. माझी बायको चतुराबाई राणी, म्हातारी, चेटकीण, जे पडेल ते काम करते. चेटकिणीत ती जास्त रंगते. परवा हात उगारून उभी राहिली आणि तिकडे चुलीवर भाजी करपली. "तुमच्या चेटकिणीकडं आज कोरडी भाकर," म्हणाली, आणि वाढलीही तीच.

तरी मी सुखी आहे, हे सांगून टाकतो. माझं चित्र बघून पोर आधी हसतं आणि मग वाचायला लागतं, यापरतं मला काही नको. चित्रं मी रेल्वेच्या पार्सलानं पुण्याला पाठवतो, तिथे पुस्तक छापून निघतं. सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात प्रकाशकांनी जहाजातून सफर करणाऱ्या उंदराची गोष्ट धाडली.

उंदीर माझ्या हातचा मळ. जहाजही जमलं असतं. पण समुद्र? मी औरंगाबादच्या पलीकडे गेलेला माणूस नाही. आमच्याकडे जास्तीत जास्त पाणी म्हणजे पूर आलेली दुधना. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? पहिलं चित्र आगपेटीवरचं जहाज बघून काढलं. ते परत आलं. दुसरं मनानं काढलं, लाटांवर लाटा. त्याच्या पाठीवर प्रकाशकांनी लिहिलं, 'हा समुद्र आहे की नांगरलेलं रान? तिसरं चित्र जमलं नाही, तर हे पुस्तक आणि पुढची सगळी मुंबईच्या चित्रकाराला देऊ.' दुसरा कोणता धंदा मला येत नाही आणि येऊ नये अशीच इच्छा आहे.

"मंग जा की मुंबईला, या पाहून," चतुराबाई म्हणाली.

"अन् कोल्हा कोण संपवील? त्याचं पार्सल शनवारी जायचंय."

"मंग हाजीसाबाला इचारा. ते गेल्ते की समुंदरातून."

हे मला सुचायला हवं होतं. सरकीचे व्यापारी ख्वाजामियाँ हज करून आलेले, म्हणून सारं गाव त्यांना हाजीसाब म्हणतं. तेलाच्या दुकानासमोर बसून ते जहाजाच्या गोष्टी सांगायला लागले की गिऱ्हाईक तेल विसरतं. मशिदीएवढा मासा मी त्यांच्याच तोंडून ऐकलेला.

मी कागद-शाई घेऊन त्यांच्या बैठकीत जाऊन बसलो. आतल्या दाराला पडदा होता. चहा आला.

"हाजीसाब, समुद्र कसा असतो?"

"पानीच पानी," त्यांनी हात पसरले.

"रंग कसा?"

"पान्याचा असतो तसा."

"अन् लाटा?"

"लाटा... लई." एवढं बोलून त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

पडद्याआड बांगड्या वाजल्या आणि कुणीतरी खुदकन हसलं. त्या रहिमुन्निसाभाबी, हाजीसाबांच्या बेगम. "यांना काय इचारता, भाऊ? जहाज हललं अन् हे आडवे झाले, ते जिद्दा बंदर आल्यावरच उठले. यांनी सारा समुंदर बालटीत पाह्यला."

हाजीसाब कानापर्यंत लाल झाले. "तबियत खराब होती," ते म्हणाले. मग हळूच, "बाजारात बोलू नका, पेंटरसाब."

मी बोलणार नव्हतो. मला हसू येत होतं, पण त्याहून जास्त आशा वाटत होती. "भाबी, तुम्ही पाह्यला?"

"रोज. वर बायांसाठी कनात बांधली होती. वारा सुटला की ती उडायची. बाकीच्या बाया कनात धरायच्या, मी पाहत बसायची."

मग आमचं काम सुरू झालं. त्या सांगत, मी काढी आणि कागद पडद्याखालून आत सरकवी. आतून कागद परत येई, तो काजळाच्या बोटानं खोडलेला. लाटा खोडल्या: "दूरवर लाट दिसतच न्हाई, भाऊ. दोरी ताणल्यावानी सरळ लकीर असते." ढग खोडले. शेवटी जहाजच खोडलं, ज्याची एकेक खिडकी मी जीव ओतून काढली होती. मला रागच आला.

"हे केवढं काढलं हो! जिनिंग फॅक्टरीएवढं?" भाबी म्हणाल्या.

"मंग केवढं काढू?"

"हरबऱ्याच्या दान्याएवढं. बाकी सगळं रिकामं सोडा."

"अहो भाबी, उंदराची गोष्ट आहे. त्यात उंदीर कसा दिसणार?"

"न्हाई दिसला तर न्हाई दिसला. आम्ही तरी कुठं कुणाला दिसून राह्यलो होतो?"

मी कागद-शाई गोळा केली. घरी येऊन मी कोऱ्या कागदावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली, तिच्या खाली हरभऱ्याएवढं जहाज काढलं आणि टाक खाली ठेवला. चतुराबाईनं पाहिलं. "एवढंच? हे परत येनार बघा," ती म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं. तरी तसंच पार्सल केलं.

ते परत आलं नाही. काही आठवड्यांनी आलं ते पुस्तकच. प्रकाशकांनी तो समुद्र समोरासमोरच्या दोन पानांवर पसरून छापला होता आणि सोबत पुढच्या पुस्तकाचं काम धाडलं होतं. मी ओसरीवरच एक उडी मारली. कोंबडा घाबरून खाटेसकट पळायला निघाला. मग पुस्तक घेऊन तडक हाजीसाबांकडे निघालो.

भाबींना आधी द्यायचं म्हणून मी पडद्याकडे वळलो, पण हाजीसाबांनी हात पुढे केला. चष्मा लावून पानं उलटली आणि समुद्रापाशी थांबले. त्यांनी बोट या कडेपासून त्या कडेपर्यंत नेलं आणि जहाजावर टेकवलं.

"ऐसा था?" पडद्याकडे बघून त्यांनी विचारलं.

"ऐसाच था," आतून आवाज आला.

"तू कब्बी बोली नै मेरे कू."

मग भाबी म्हणाल्या, "तुम पूछेच कब?"

हाजीसाब उठले, त्यांनी पुस्तक छातीशी धरलं आणि पडदा सारून आत गेले. मला बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. मी चहा पीत बसलो. आतून बोलणं ऐकू येत राहिलं, आणि ते सगळं भाबींचंच होतं.