बेलभंडाराचे तबक

मी एक जुने तांब्याचे तबक आहे. सध्याचा पत्ता सोलापूर, भवानी पेठ, चन्नवीर शेटजींच्या बैठकीतले काचेचे कपाट. मित्रांनो, पाहुणे आले की शेटजी मला हात जोडतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

माझा जन्म आदिलशाही अमदानीतला. तांबटाने ठोकून सपाट केले तेव्हा वाटले, देवघरात जाऊ. गेले ते सीनेकाठच्या एका गढीत. त्या काळी बंडखोराला बोलणी करायला बोलवायचे, तर बेलाची पाने आणि भंडाऱ्याची हळद माझ्यात ठेवून त्यावर अभयाची शपथ घेत. ती मोडणे म्हणजे देवाला मोडणे. काम मानाचे, मीही जरा ताठ्यातच असे.

दुष्काळातही शेतसारा माफ होईना, म्हणून बिरप्पा नाईक बंड करून रानात गेला. गावोगावच्या बाया त्याला भाकरी पोचवत. फौज थकली, तेव्हा गढीतल्या ठाणेदाराला मी आठवले. ठाणेदाराचा देव वेगळा, त्याच्या कारभाऱ्याचा वेगळा. या एका कामात मात्र दोघांचे एकमत झाले. कारभाऱ्याने रानात येऊन माझ्यावर हात ठेवला. जिवाला धक्का लागणार नाही, म्हणाला.

बिरप्पाची आई गुरम्मा म्हणाली, "हात कुणाचा हाय त्ये बघ की."

"हाताखाली देव हाय, आई," बिरप्पा म्हणाला, आणि निघाला.

गढीत त्याला पानसुपारी दिली आणि दार लावून घेतले. पुढचे मला सांगवत नाही. शपथ रानातली होती, गढीत ती लागू नाही, असा खुलासा कारभाऱ्याने मागाहून केला.

दुसऱ्या दिवशी गुरम्मा आली. ती शिव्याशाप देईल म्हणून सगळे लांब उभे राहिले. तिने माझ्यातला भंडारा चिमटीचिमटीने पदरात घेतला. "चल देवा घरी," म्हणाली. "हितं तुजं काय काम न्हाय."

पुढच्या बंडाला माझ्यात नवा भंडारा भरला गेला. मी भरू दिला.

आता महापालिकेची निवडणूक आली आहे. पेठेत पाण्याचा नळ आणीन, अशी शपथ शेटजी मागावरच्या विणकरांसमोर माझ्यावर हात ठेवून घेणार आहेत. कालच मला चिंच लावून लखलखीत घासले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे तुम्हाला शाळेत शिकवतात. मला जपू नका. मोडीत घाला. तांबे चांगले आहे, एखादी घागर होईल. घागरीत पाणी आहे की नाही, ते वाकून बघता तरी येते.