सातव्या रांगेतला खांब

“मिस्त्री, तो खांब कुठे आहे तेवढं मला दाखवा,” साहेब म्हणाले.

गोदामात सातव्या रांगेच्या तोंडाशी आम्ही दोघे उभे होतो. समोर नुसती पुसलेली फरशी होती. साहेबांच्या हातातल्या टॅबवर मात्र त्याच जागी काळा ठिपका होता आणि खाली लिहिलं होतं, खांब. तेवढ्यात खोके घेऊन एक गाडी आली, रिकाम्या फरशीला मोठ्या अदबीने वळसा घालून गेली. मागून दुसरी आली, तिनेही तेच केलं. कागदोपत्री हे रोबो आहेत, पण आम्ही त्यांना गाड्याच म्हणतो.

“चाळीस गाड्या दिवसभर नसलेल्या खांबाला वळसे घालतायत,” साहेब म्हणाले. “बॅटऱ्या काय झाडाला लागतात? कोणी घातला हा नकाशात?”

“बघतो,” मी म्हणालो.

“संध्याकाळपर्यंत काढा. नाहीतर उद्या बाहेरून माणूस बोलावतो, तो काढेल.”

बघायचं काय डोंबल? खांब मीच घातला होता.

माझी बायको इथेच पॅकिंगला होती. गुडघे गेले तसं तिला उभं राहवेना. तेव्हाच्या साहेबांनी स्टुलावर बसून काम करायची परवानगी दिली, तर बाईसाहेबांनी स्टूल नेमकं इथे मांडलं, कारण म्हणे भिंतीवरच्या पंख्याचा वारा इथेच लागतो. मी म्हटलं, अगं, हा गाड्यांचा रस्ता आहे.

“मग तुमच्या पोरांना सांगा की,” ती म्हणाली, “माझ्या पायांवरून जाऊ नका म्हणावं.”

सांगायला ती ऐकणारी पोरं हवीत ना. गाड्यांची रीत अशी की एकीला वाटेत काही दिसलं की ती बाकीच्यांना कळवते, आणि बाकीच्या डोळे झाकून विश्वास ठेवतात. पण दहा मिनिटं कोणालाच काही दिसलं नाही तर सगळ्या मिळून ते विसरतात. बायको चहाला उठली की तिला विसरायच्या, आणि ती परत येऊन बसली की पुढे केलेले पाय पहिल्या गाडीला उशिरा दिसायचे, ती घासूनच जायची. दोनदा चप्पल तुटली. शेवटी वैतागून मी नकाशात तिच्या जागी खांब घातला. खांब त्या कधीच विसरत नाहीत.

“तीस वर्षांच्या संसारात एक पदवी दिलीत,” ती म्हणाली, “तीही खांबाची.”

ती जाऊन सव्वा वर्ष झालं. स्टूल कोणीतरी उचलून नेलं, खांब राहिला. मला माहीत होतं आणि मी मुद्दाम बोललो नाही. गोदामात तिच्यासाठी अजून कोणीतरी बाजूला सरतंय, हे बघून मला बरं वाटायचं. आता ते पुसायचंच असेल तर बाहेरच्या माणसाचा हात त्याला लागू द्यायचा नव्हता.

तर बसलो काढायला. एक गाडी बंद केली, तिच्या डोक्यातल्या नकाशातला खांब पुसला, पुन्हा चालू केली. गाडी सरळ दोन रांगा गेली आणि तिसऱ्या रांगेपाशी तिला मैत्रीण भेटली. चालू झाल्या झाल्या शेजारणीला नवीन काय म्हणून विचारायची या गाड्यांना खोड आहे. शेजारणीने इमानदारीने सांगितलं की सातव्या रांगेत खांब आहे. झालं. पुढच्या फेरीला हिचा वळसा पुन्हा तयार.

दुसरी धरली. तिसरी धरली. एकीच्या कानातून काढावं, तोवर दुसरी येऊन परत घालायची. दुपारपर्यंत एकोणीस गाड्या पुसल्या आणि एकोणीसही पहिल्यासारख्याच वळसे घालत होत्या. पाठ धरली, घामाने शर्ट चिकटला. एका गाडीला तर मी चापट मारली. तिने ताबडतोब बाकी सगळ्या जणींना कळवलं की इथे अडथळा आहे.

पॅकिंगची ताई डबा घेऊन शेजारी येऊन बसली. बायकोच्या शेजारच्या टेबलावर तिने अकरा वर्षं काढली होती.

“दादा, एकेक करून काय होणारे? एकमेकींना सांगतातच त्या. सगळ्या एकदम बंद करा.”

“काम थांबेल.”

“थांबू दे की पाच मिनिटं. ती गेली त्या दिवशी एक मिनिटसुद्धा थांबलं नव्हतं.”

एकेक करून तो खांब जाणार नाही, हे मला सकाळी पहिली गाडी हातात घेतली तेव्हाच माहीत होतं. या गाड्यांना मीच शिकवतो. उगाच स्वतःशी वेळकाढूपणा करत होतो, आणि राग मात्र गाड्यांवर काढत होतो.

उठलो आणि साहेबांच्या खोलीत गेलो.

“साहेब, खांब मी घातला होता. तिथे माझी बायको बसायची.”

साहेब आल्यापासून आठ महिने झाले होते. त्यांनी तिला पाहिलंही नव्हतं. टॅब त्यांनी टेबलावर उलटा ठेवला.

“मला कोणी बोललं नाही.”

“मीच बोललो नाही.”

“सगळ्या बंद कराव्या लागतील ना? किती वेळ?”

“पाच मिनिटं.”

“दहा घ्या,” साहेब म्हणाले.

तीन वाजता चाळीसही गाड्या जागच्या जागी थांबल्या. गोदाम इतकं शांत मी कधी अनुभवलं नव्हतं. पॅकिंगच्या बायकांनी हात थांबवले. ताईने चिकटपट्टी खाली ठेवली. मी टॅबवर सगळ्यांच्या नकाशातल्या त्या ठिपक्यावर बोट ठेवलं, टॅबने ‘नक्की पुसायचं?’ असं विचारलं, आणि मी हो म्हटलं. मग सगळ्या एकदम चालू केल्या.

पहिली गाडी सातव्या रांगेकडे वळली आणि सरळ त्या जागेवर चालून आली. मी कधी आडवा जाऊन उभा राहिलो, मला कळलंच नाही. माझ्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर ती थांबली. मागच्या गाड्या लगेच वळसा घालून जाऊ लागल्या.

“मिस्त्री,” दारातून साहेबांनी विचारलं, “अजून आहेच का तो?”

“नाही साहेब, गेला. हा मी आहे. सरतो बाजूला.”

साहेबांनी घाई केली नाही. गाडीही थांबून राहिली. थोड्या वेळाने मी बाजूला झालो आणि ती खोके घेऊन तिथून सरळ निघून गेली.