तिपाईवरचं मशीन

मशीन विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने लॅपटॉप तोतारामनानांकडे वळवला. पडद्यावर पारोळ्याजवळच्या, कापसाच्या बंद जिनिंगची शेड उमटली होती. जवळच्या भिंती धुरकट होत्या आणि पलीकडचे खांब उमटलेच नव्हते.

ज्योत्स्ना छत्री टेकून मागे उभी होती. हिवाळ्यात छत्री कशाला, असं ऑफिसात तिला अजून कोणी विचारलं नव्हतं.

नानांचं ड्रॉइंग ऑफिस धुळ्यात, देवपुरात. इतकी वर्षं इमारती टेपने मोजल्या जायच्या आणि त्यातल्या निम्म्या ज्योत्स्नाने मोजल्या होत्या. आता लेझर स्कॅनर घ्यायचा होता. त्याच्या किरणांनी टिपलेल्या ठिपक्यांवरून कॉम्प्युटरवर अख्खी इमारत उभी करता येते. या जिनिंगमध्ये केळीचं शीतगृह होणार होतं. लोखंडी सांगाडा मॉडेलच्या मापाने तयार होऊनच यायचा होता; माप चुकलं तर तो बसणारच नव्हता.

कंपनीच्या माणसाने दोन मशीनं आणली होती. एक तिपाईवर ठेवायचं, ते जागच्या जागी फिरून मोजतं. दुसरं हातात धरून अख्ख्या शेडमधून न थांबता चालायचं. ज्योत्स्नाचा गुडघा आता तसं चालू देत नव्हता. हातातलं घेतलं तर साइट ऑफिसातल्या तरुण भूषणकडे जाणार आणि तिच्याकडे टेबल उरणार, हे उघड होतं.

इथले सगळे खांब सारखे आहेत, चालताना मशीन वाट चुकेल, तिपाईवरचंच घ्या, असं तिने ऑफिसात सांगितलं होतं. तेव्हापासून तिला शंका होती, की हे आपण बोललो की आपला गुडघा.

"ज्योत्स्ना, तुझं मशीन तर आंधळं निघालं," नाना म्हणाले.

ती तिपाईवरच्या मशीनजवळ गेली, वाकून पाहिलं. मग सरळ झाली.

"नाना, आधी एक सांगते. माझ्या गुडघ्याने आता फार चालवत नाही. हातातलं घेतलं तर माझी साइट सुटेल. माझं मत ते धरून ऐका."

नानांनी छत्रीकडे पाहिलं. "ते मला दिवाळीपासून दिसतंय. पुढे बोल."

"आरशाला कुंकू लागलंय."

सगळे वाकले. मशीनच्या मधोमध फिरणाऱ्या छोट्या आरशावर लाल बोट स्पष्ट उमटलं होतं. जिनिंगचे राखणदार झुलालआबा दारातूनच म्हणाले, "नवं मशीन शे ना, ताई. बठ्ठा चहाले गयथात, म्हनीसन कुकू लाई दिन्हं." सगळे चहाला गेले असताना त्यांनी नव्या मशीनची पूजा उरकली होती.

कंपनीच्या माणसाने मऊ फडक्याने आरसा पुसला. आबांना ते आवडलं नाही. शेवटी तिपाईच्या पायाला कुंकू लावायचं ठरलं आणि आबांनी तिन्ही पायांना लावलं. मशीन पुन्हा फिरलं. या वेळी पार शेवटच्या भिंतीपर्यंतचे खांब आले.

मग भूषण हातातलं मशीन घेऊन निघाला. शेडला वळसा घालून परत आला तेव्हा त्याला दमसुद्धा लागला नव्हता. चित्र झटकन तयार झालं, दिसायलाही देखणं होतं. फक्त शेवटची भिंत दोनदा आली होती, एका दाराला खेटून दुसरं दार. घाईत चाललो, असं म्हणून तो पुन्हा सावकाश चालून आला. दारं थोडी जवळ सरकली, एक झाली नाहीत.

"शीतगृह एकच बांधायचंय," नाना म्हणाले आणि तिपाईवर हात ठेवला. घरं-बंगले मोजायला दुसरं भाड्याने आणू, असंही म्हणाले.

ज्योत्स्ना बाहेर ओट्यावर जाऊन बसली. किती दिवसांनी खांदे सैल सोडले, हे तिला बसल्यावर कळलं. निकाल उलटा लागला असता तरी सांगायचं ते सांगून झालं होतं.

विकत घेतलेलं मशीन आल्यावर ती जिनिंगमध्ये पुन्हा गेली, या वेळी काठी घेऊन. मशीन सुरू केलं की त्याच्या नजरेआड व्हावं लागतं. काठी खांबाला टेकवून ती भिंत धरत दारामागे गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात भूषण चित्रातल्या नको त्या वस्तू काढत बसला होता. मध्येच थांबला.

"ताई, काठी पुसू का?"

ज्योत्स्नाने पडद्याकडे पाहिलं. करड्या ठिपक्यांमध्ये काठी खांबाला टेकून उभी होती. मूठसुद्धा नीट आली होती.

"मॉडेलमध्ये घेऊ नको," ती म्हणाली. "मूळ स्कॅनमध्ये राहू दे."