हरलेल्याचा मान

घड्याळजींनी चष्मा कपाळावर सरकवला, क्यूची काठी टेकवली आणि पांढरा बॉल इतका अलगद ढकलला, की तो बाकीच्या बॉलच्या घोळक्यामागे जाऊन चोरासारखा लपला.

मावशी बघतच राहिल्या. टेबलाच्या पलीकडच्या टोकाचं डावं पॉकेट घड्याळजींचं, उजवं मावशींचं. बॉल आपल्याच पॉकेटात घालायचा. दुसऱ्याच्यात पडला तर तो त्याचा. एवढाच खेळ, पण भल्याभल्यांना घाम फोडतो.

"हे कधी शिकलात?"

"तुम्हीच ओरडायचात ना! आधी घ्यायला धावू नका, आधी समोरच्याला उपाशी ठेवा."

"मी ओरडायचे तेव्हा तुमचे कान दुकानात असायचे."

हा बिलियर्ड्स-पूलचा हॉल मावशींचा. त्यांनी मारलेला एक बॉल म्हणे खिडकीतून बाहेर गेला, चौकातल्या पोलिसाच्या शिट्टीला थांबला आणि रस्ता मोकळा झाल्यावर परत येऊन गुपचूप पॉकेटात पडला. कुणी हसलं की कोपऱ्यातून घड्याळजी मान डोलवायचे. "खरं आहे. मी पोलिसाला विचारून आलोय."

हॉलचा एक रिवाज होता. हरेल त्याने पुढचा डाव फोडायला, म्हणजे पहिला फटका मारायला, यायचं. यायचंच. घड्याळजी हावरे. पहिला बॉल दिसला की तुटून पडायचे, पांढरा बॉल मावशींच्या पुढ्यात वाढून ठेवायचे आणि हरायचे. मग पुढच्या रविवारी हजर. "एकदा जिंकू द्या मला. नंतर ही पायरी चढलो तर नाव बदलेन!"

आज मात्र त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला कायमचं कुलूप लागलं होतं. लेक त्यांना आपल्या घरी न्यायला आली होती, बाहेर गाडीत बसली होती. म्हणून डाव छोटा ठरला. पहिला बॉल ज्याचा, डाव त्याचा.

मावशींना जिंकायचंच होतं. त्या जिंकल्या तर माणसाला परत यावं लागणार होतं. त्या खडू क्यूला असा घासत राहिल्या, जणू तवाच घासताहेत.

घड्याळजी घाई करेनात. एक बॉल हळूच आपल्या पॉकेटाच्या तोंडाशी नेऊन ठेवला. पांढरा दूर कडेला चिकटवला. मावशींनी काही काढावं, की घड्याळजींनी तो रस्ता बुजवावा. सगळे मावशींचेच धडे, एकही न विसरता.

म्हणजे यांना जिंकून मोकळं व्हायचंय तर.

आणि मावशींनी तेच केलं, जे त्या जन्मभर इतरांना करू देत नव्हत्या. घाई. बॉल त्यांच्या स्वतःच्या पॉकेटाच्या ओठावर जाऊन थबकला, पडला नाही. पांढरा घरंगळत मधोमध उघड्यावर आला. समोर घड्याळजींचा बॉल, त्यांच्या पॉकेटाच्या तोंडाशी. डोळे मिटून मारला तरी जावा असा.

बाहेर हॉर्न वाजला.

"मारा," मावशी म्हणाल्या. "लेक खोळंबलीय."

घड्याळजी वाकले. नेम डावीकडे धरला. बराच वेळ तसेच राहिले. मग क्यूचं टोक जरासं उजवीकडे फिरलं, टक् झालं, आणि ओठावरचा बॉल मावशींच्या पॉकेटात पडला.

"अरेरे!" ते म्हणाले. "हात थरथरला."

केसाएवढ्या स्प्रिंगा बसवताना जो हात कधी थरथरला नव्हता, त्याच्याकडे मावशींनी नीट बघून घेतलं.

"वय झालं तुमचं."

"झालंच. हरलो बघा."

"रिवाज माहीत आहे ना?"

"रिवाज कसा मोडणार?" क्यू नेहमीच्या खुंटीला लावून ते बाहेर पडले.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला. मावशींनी बॉल त्रिकोणात घट्ट रचले, पांढरा त्याच्या जागी ठेवला आणि पदराने त्यावरचा खडूचा डाग पुसला.

संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं. "मावशी, हे टेबल मोकळं दिसतंय."

"मोकळं नाही. डाव लावलेला आहे. फोडणारा यायचाय."

"कुठे गेलाय?"

मावशींनी खिडकीबाहेर पाहिलं.

"चौकात. पोलिसाला काहीतरी विचारायचं होतं त्याला."